भट्टीतली जागा (मातीचा जपान : लेखांक ४)

मागच्या आठवड्यात आपण शिगाराकीची खडबडीत माती पाहिली. भाजल्यावर तिच्यातले फेल्डस्पारचे पांढरे खडे भांड्याच्या अंगावर डोकावतात आणि तेच तिथलं सौंदर्य ठरतं. आज तिथून पश्चिमेला, ओकायामा प्रांतातल्या इन्बे या गावी जाऊ. इथल्या भांड्यांना जुन्या बिझेन प्रांतावरून ‘बिझेन’ म्हणतात. त्यांच्यावर ना झिलई, ना चित्रकाम, ना नक्षी. तरीही दोन भांडी कधी एकसारखी निघत नाहीत. याचं कारण कुंभाराच्या विरागी वृत्तीत शोधण्याआधी तिथल्या मातीकडे पाहायला हवं.

ही माती मिळते भाताच्या खाचरांखाली. वरचा थर काढून दोन-तीन मीटर खणलं की काळसर, चिकट, लोण्यासारखी मऊ माती लागते. तिला ‘हियोसे’ म्हणतात. चाकावर ती फार गुणी, पण भट्टीत तितकीच हट्टी. तिच्यात लोह भरपूर असतं आणि भाजताना ती खूप आकसते. भांडं आकसलं की त्यावरची झिलई त्याच्या मापाची राहत नाही, सुटून पडते. शिवाय आच एकदम वाढवली तर भांडं तडकतं किंवा फुगतं. म्हणजे झिलई देता येत नाही आणि घाई करता येत नाही. या दोन अडचणींतूनच बिझेनची शैली घडली आहे.

पहिल्या अडचणीवरचा उपाय म्हणजे भांडं इतकं कडक भाजायचं की झिलईची गरजच उरू नये. दुसऱ्या अडचणीवरचा उपाय म्हणजे सबुरी. आजही लाकडाच्या भट्टीत बिझेनची भाजणी दहा दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत चालते. तापमान हळूहळू चढवत 1,200 अंश सेल्सिअसच्या पुढे न्यायचं आणि रात्रंदिवस पाळ्या लावून सरपण घालत राहायचं. हे सरपण लाल पाइनचं. त्याला राळ भरपूर, त्यामुळे ज्वाळा लांब जाते. पूर्वी गावाच्या सामाईक भट्ट्या होत्या. टेकडीच्या उतारावर बांधलेली दक्षिणेकडची मोठी भट्टी पन्नास मीटरहून लांब होती. तिच्यात अनेक घराण्यांचा माल एकदम लागायचा आणि भाजणी महिनाभराहून अधिक चालायची. तिचे अवशेष इन्बेत आजही पाहायला मिळतात.

इतके दिवस आगीत राहिलेल्या उघड्या मातीवर आग आपली खूण सोडणारच. बिझेनमध्ये या खुणांना नावं आहेत, आणि प्रत्येक नाव म्हणजे भट्टीतल्या एकेका जागेचा पत्ता आहे.

सरपणाच्या तोंडाशी ठेवलेल्या भांड्यांवर उडती राख बसते. तीव्र आचेत ती वितळून पिवळसर ठिपके किंवा ओघळ तयार होतात. तीळ भुरभुरल्यासारख्या दिसणाऱ्या या खुणेला ‘गोमा’, म्हणजे तीळच, म्हणतात. जी भांडी निखाऱ्यांत आणि राखेत गाडली जातात त्यांना प्राणवायू कमी मिळतो. तिथे मातीतलं लोह लाल न होता करडं, निळसर, काळपट होतं. ही ‘सांगिरी’. पूर्वी ती भट्टीतल्या ठरावीक जागीच मिळे. आता भाजणीच्या अखेरीस कोळसा टाकूनही ती साधतात. एका थाळीवर दुसरं लहान भांडं ठेवून भाजलं, तर झाकलेली गोल जागा राखेपासून वाचते आणि तांबूस डाग राहतो. त्याला ‘बोतामोची’ म्हणतात.

सगळ्यांत देखणी खूण ‘हिदासुकी’. फिकट बदामी अंगावर शेंदरी रेघांचे फटकारे. भट्टीत भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालण्याची पद्धत होती. पेंढा जळून जातो, पण त्यातल्या पोटॅशियमची मातीतल्या लोहाशी प्रक्रिया होऊन जिथं काडी टेकली होती तिथं लाल रेघ उमटते. राख बसून ही रेघ झाकली जाऊ नये म्हणून अशी भांडी मोठ्या भांड्याच्या पोटात ठेवून भाजतात. सोयीसाठी घातलेला पेंढा पुढे मुद्दाम, विचारपूर्वक गुंडाळला जाऊ लागला.

बिझेनचं मूळ ‘सुए’ या राखाडी, कडक भाजलेल्या भांड्यांत आहे. हे तंत्र पाचव्या शतकात कोरियन द्वीपकल्पातून जपानमध्ये आलं. बाराव्या शतकाच्या सुमारास बिझेनचा स्वतंत्र चेहरा दिसू लागतो. तेव्हाचा माल शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या घरचा होता : धान्याचे रांजण, बियाणं ठेवायचे बुधले आणि आतून खाचा असलेली वाटणाची भांडी. ही भांडी आपटली तरी फुटत नाहीत, अशी त्यांची ख्याती होती. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन या सहा केंद्रांना ‘सहा प्राचीन भट्ट्या’ हे नाव मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर कोयामा फुजिओ या अभ्यासकाने दिलं. 2017 मध्ये जपान सरकारने या सहाही केंद्रांचा ‘जपानचा वारसा’ म्हणून गौरव केला.

चहाविधीच्या आचार्यांनी हे घरगुती रांजण उचलून चहाच्या खोलीत नेले. पंधराव्या शतकातल्या मुराता जुको यांनी शिष्याला लिहिलेल्या पत्रात बिझेन आणि शिगाराकीचा उल्लेख आहे, आणि तो चक्क कानउघाडणीचा आहे : नवशिक्यांनी आपण पोहोचलेले आहोत हे दाखवण्यासाठी असली भांडी मिरवू नयेत. साधेपणाचीही फॅशन होऊ शकते, हे त्या काळीच लक्षात आलं होतं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सेन नो रिक्यू यांच्या काळात बिझेनची पाण्याची पात्रं आणि फुलदाण्या मानाला चढल्या.

पुढे आरिताची पांढरीशुभ्र पोर्सेलीन बाजारात आली आणि बिझेन मागे पडलं. मेजी काळात इथं सांडपाण्याच्या नळ्याही बनू लागल्या. विसाव्या शतकात कानेशिगे तोयो (1896–1967) यांनी सुबक मूर्तिकाम सोडून सोळाव्या शतकातल्या जुन्या भांड्यांचा, त्यांच्या मातीचा आणि भाजणीचा नव्याने माग काढला. 1956 मध्ये ते ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळवणारे पहिले बिझेन कुंभार ठरले. त्यांच्यानंतर आणखी चार बिझेन कुंभारांना तो मिळाला.

बिझेनबद्दल बोलताना ‘निसर्गाची किमया’, ‘अग्नीची लीला’ असे शब्द सर्रास वापरले जातात. ते अर्धंच खरं आहे. कोणतं भांडं तोंडाशी, कोणतं राखेत, कोणतं कोणाच्या पोटात, हे कुंभारच ठरवतो. भट्टी रचण्यात तो कित्येक दिवस घालवतो. तो रंग लावत नाही, पण रंग कुठं उमटावा याची तजवीज करतो. तेव्हा एखाद्या संग्रहालयात बिझेनचा रांजण दिसला, तर तो भट्टीत कुठं आणि कसा उभा होता ते त्याच्या अंगावरून ओळखायचा प्रयत्न करा. राखेची बाजू सापडली की आग कुठून आली ते कळेल.

पुढच्या आठवड्यात नेमक्या उलट टोकाला, दगड कुटून पोर्सेलीन घडवणाऱ्या आरिता गावी जाऊ.