रॅकेटची मूठ आणि कोपराचे दुखणे

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की आपल्याकडे बॅडमिंटनला जोर चढतो. पहाटे हॉलवर नंबर लागतात, संध्याकाळी वसाहतीच्या आवारात दोन खांबांना जाळी बांधून चौघेजण खेळायला उभे राहतात. त्यात कॉलेजची मुले असतातच, पण चाळिशी ओलांडलेले नोकरदार, व्यापारी, शिक्षक आणि आता गृहिणीही मोठ्या संख्येने दिसतात. हा खेळ आपल्याला परका नाही. १८७०च्या दशकात इंग्रज अधिकारी तो पुण्याच्या छावणीत खेळत आणि त्याला 'पूना' असेच म्हणत. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी तर १९५६ साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले. तेव्हा लोक खेळतात याचा डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे.

मात्र मोसम सुरू होऊन पाच-सहा आठवडे झाले की दवाखान्यात एक ठरलेली तक्रार येऊ लागते. "डॉक्टर, उजव्या कोपराला बाहेरच्या अंगाने ठणका लागतो. पंचा पिळवत नाही, पाण्याने भरलेला तांब्या उचलवत नाही." बहुतेकांनी तेल चोळलेले असते, बाम लावलेला असतो, कुणी कोपर दाबून बसवूनही घेतलेले असते. मी विचारतो, "रॅकेटची मूठ केवढी आहे?" यावर समोरचा माणूस चकित होतो. रॅकेटची किंमत त्याला पाठ असते, कंपनी पाठ असते, पण मुठीचा विचार त्याने कधी केलेला नसतो. आज त्याच मुठीविषयी.

दुखणे कोपराला, मूळ मुठीत

या दुखण्याला 'टेनिस एल्बो' म्हणतात. नाव टेनिसचे असले तरी ते बॅडमिंटन खेळणाऱ्यांना, सुतारांना, शिंप्यांना, कणीक तिंबणाऱ्या बायकांनाही होते. २००४ साली सचिन तेंडुलकरला याच दुखण्याने सामने सोडावे लागले आणि २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली, हे क्रिकेटप्रेमी वाचकांना आठवत असेल.

आता एक छोटासा प्रयोग करा. डावा तळवा उजव्या कोपराच्या थोडे खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूवर ठेवा आणि उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. तळव्याखाली स्नायू टणक होताना जाणवतील. हे मनगट मागे उचलणारे स्नायू आहेत. मूठ आवळताना मनगट आत वाकू नये म्हणून त्यांना तेवढ्याच जोराने ताणून धरावे लागते. हे सगळे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकाला एका जाड दोरीसारख्या भागाने चिकटलेले असतात. त्या भागाला आपण कंडरा म्हणतो. तासभर मूठ आवळून खेळले की सगळा ताण त्या नखाएवढ्या जागेवर येतो. रोज असे झाले की कंडरेची झीज तिच्या दुरुस्तीपेक्षा वेगाने होते. पस्तिशीनंतर दुरुस्तीचा वेग आणखी मंदावतो, म्हणून हे दुखणे मुलांपेक्षा आपल्या वयाच्या खेळाडूंना जास्त होते.

बारीक मूठ, जाड मूठ

मूठ फार बारीक असेल तर बोटे पूर्ण वळून टोके तळव्यात रुततात. फूल रॅकेटच्या मध्यावर न लागता कडेला लागले की रॅकेट हातात फिरते. ती फिरू नये म्हणून माणूस नकळत अधिक आवळतो.

मूठ फार जाड असेल तर बोटे पुरेशी वळत नाहीत. पकड अपुरी पडते, रॅकेट निसटेल अशी धास्ती वाटते, म्हणून पुन्हा आवळणे आलेच. शिवाय बॅडमिंटनमध्ये बोटांनी रॅकेट फिरवून पुढचा-मागचा फटका बदलायचा असतो. जाड मुठीत बोटे अडकून राहतात आणि ते काम मनगट व कोपर यांच्या गळ्यात पडते.

म्हणजे दोन्हीकडे परिणाम एकच. योग्य मूठ म्हणजे जी सैल धरूनही हातात राहते ती. एखाद्याशी हस्तांदोलन करावे तशी रॅकेट धरावी आणि फक्त फूल लागण्याच्या क्षणी आवळावी. एरवी हात मोकळा. हे ज्या मुठीत सहज जमेल ती तुमची मूठ.

दुकानात काय पाहावे?

अनेक कंपन्यांच्या रॅकेटच्या दांड्याशी इंग्रजी 'जी' अक्षर आणि आकडा छापलेला असतो. बहुतेक ठिकाणी आकडा जितका मोठा तितकी मूठ बारीक. जी ४ ही जी ५ पेक्षा जाड. टेनिसच्या रॅकेटमध्ये याच्या उलट असते, त्यामुळे गोंधळ होतो. सर्व कंपन्यांचे माप सारखे नसते, म्हणून आकड्यापेक्षा हातावर भरवसा ठेवावा. शेजारी 'यू' अक्षराचा आकडा असतो तो वजनाचा. ३ यू म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. तो मुठीचा समजू नये.

बॅडमिंटनच्या मोठ्यांच्या रॅकेटची मूठ साधारण ८ ते ९ सेंटिमीटर घेराची असते. टेनिसवाले बोट आणि तळवा पट्टीने मोजून माप काढतात. ते माप इथे लावू नका, फार जाड मूठ पदरात पडेल. त्याऐवजी रॅकेट हातात घेऊन तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, खेळताना धरता तशी सैल धरा. मधल्या बोटांची टोके आणि अंगठ्याखालचा मांसल उंचवटा यांच्यामध्ये थोडीशी फट राहिली पाहिजे. टोके रुतत असतील तर मूठ बारीक, फटीत करंगळीहून जास्त जागा उरत असेल तर जाड.

दुसरी, बरोबरच्या माणसाला रॅकेटचे डोके हलकेच पिळायला सांगा. साधारण पकडीतही मूठ हातात गरकन फिरत असेल तर ती बारीक आहे किंवा गुळगुळीत आहे.

तिसरी, फक्त अंगठा आणि बोटे यांनी रॅकेट अर्धा फेरा फिरवून पाहा. मनगट न वळवता ती फिरली पाहिजे. अडखळत असेल तर जाड.

दोन मापांत मन घोटाळत असेल तर बारीक घ्यावी. बारीक मूठ पट्टी गुंडाळून जाड करता येते, जाड मूठ तासून बारीक करणे घरी जमत नाही.

पट्टीचे गणित

वरून गुंडाळायची पातळ पट्टी साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जाड असते. ती चारी बाजूंनी बसत असल्याने एका थराने घेर जवळपास ४ मिलिमीटरने वाढतो. हाताला हा फरक चांगलाच जाणवतो. म्हणून नवी रॅकेट घेण्याआधी एक पट्टी गुंडाळून आठवडाभर खेळून पाहावे. कित्येकांचे काम एवढ्यावर भागते.

दोन सूचना मात्र पाळाव्यात. जुनी पट्टी न काढता वर नवी, तिच्यावर आणखी नवी असे थर चढवू नयेत. मूठ अष्टकोनी असते आणि तिच्या कडांवरून बोटांना रॅकेटचे तोंड कुठे आहे ते कळते. चार थर चढले की तिचे लाटणे होते. दुसरे असे की, घामाने बुळबुळीत किंवा कडक झालेली पट्टी लगेच बदलावी. माप बरोबर असूनही निसरड्या मुठीमुळे हात आवळला जातो. ज्यांच्या तळहाताला फार घाम येतो त्यांनी टॉवेलच्या कापडाची पट्टी वापरावी. ती घाम शोषते, पण जाडही असते, तेव्हा मूळ मूठ बारीक हवी. मधुमेह असणाऱ्यांनी खेळानंतर तळहात पाहण्याची सवय ठेवावी. फोड आला असेल तर तो फोडू नये.

मुलांच्या बाबतीत

आपल्याकडे मुलांना वाढत्या अंगाचे कपडे घेण्याची पद्धत आहे. सदऱ्याला ते चालते, रॅकेटला चालत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती वडिलांची रॅकेट दिली तर ते दोन्ही हातांनी नाहीतर मुठीच्या वरच्या टोकाला धरून खेळते आणि ती सवय पुढे सुटत नाही. त्यांच्यासाठी आखूड, हलकी आणि बारीक मुठीची रॅकेट मिळते. ती महाग असण्याची गरज नाही.

सगळा दोष मुठीचा नव्हे

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. २००६ साली अमेरिकेत टेनिसपटूंवर एक अभ्यास झाला. योग्य मापापेक्षा पाव इंच जाड किंवा बारीक मुठीने हाताच्या स्नायूंच्या कामात लक्षणीय फरक पडला नाही, असे त्यात आढळले. ते खेळाडू मुरलेले होते, त्यांना सैल धरण्याची सवय होती. तरीही त्यातून धडा घ्यायचा तो असा की, मूठ बदलली म्हणजे दुखणे गेले असे समजू नये. महिनोन् महिने न खेळता एकदम रोज दोन तास खेळणे, फार ताणून बांधलेली तार, अंग न तापवता मारलेले स्मॅश ही कारणेही तितकीच मोठी आहेत. हौशी खेळाडूला २० ते २४ पौंड ताण पुरतो. सुरुवातीला एक दिवसाआड, अर्धा-पाऊण तास खेळावे.

दुखू लागलेच तर?

दोन-तीन आठवडे खेळ थांबवा किंवा निम्मा करा. ठणका असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे लावा. तीव्र दुखणे ओसरले की एक व्यायाम सुरू करावा. हात टेबलावर ठेवून मनगट कडेबाहेर आणा, तळवा खाली. हातात पाण्याने भरलेली अर्ध्या लिटरची बाटली धरा. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलून द्या आणि मग दुखऱ्या हाताने ते सावकाश, मनात पाच आकडे मोजत, खाली सोडा. असे दहा-पंधरा वेळा, थोड्या विश्रांतीने तीनदा, रोज. किंचित दुखले तर चालेल, जास्त दुखले तर वजन कमी करा. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, धीर सोडू नये. बहुतेकांचे दुखणे वर्षभरात पूर्ण बरे होते.

"डॉक्टर, एक इंजेक्शन मारा, परवा मॅच आहे," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कोपरात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने काही आठवडे आराम पडतो हे खरे. पण वर्षभराचा हिशेब मांडला तर इंजेक्शन घेतलेल्यांचे दुखणे उलटण्याचे प्रमाण जास्त असल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. वेदनाशामक गोळ्याही मनाने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असणाऱ्यांना त्या घातक ठरू शकतात.

बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, मनगटाला अंगठ्याच्या बाजूने सूज असेल, कोपर सुजून लाल झाले असेल किंवा सरळ होत नसेल तर ते वेगळे दुखणे आहे. डॉक्टरांना दाखवा. आणि खेळताना छातीत दडपण येऊन कळ हातात, खांद्यात किंवा जबड्यात गेली, घाम फुटला, धाप लागली, तर तो रॅकेटचा दोष समजून बाम चोळत बसू नका. खेळ जागीच थांबवून ताबडतोब रुग्णालय गाठा. ती हृदयाची कळ असू शकते.

येत्या रविवारी हॉलवर जाल तेव्हा खेळण्याआधी एक मिनिट मुठीकडे पाहा. पट्टी झिजली आहे का, बोटे रुततात का, आणि मुख्य म्हणजे फूल समोरच्याकडे असताना तुमचा हात सैल असतो की आवळलेला? एवढे पाहिलेत तर बऱ्याच जणांचा माझ्याकडचा हेलपाटा वाचेल.