निवृत्ती आणि आत्मचरित्र : कर्वे यांचे उदाहरण

सेवाकाल संपला की कार्यही संपले, असे गृहीत धरून आत्मचरित्राचे कालखंड पाडण्याचा प्रघात आहे. पेन्शनरांच्या बहुतेक आठवणींना तो शोभतोही. धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांच्याबाबतीत मात्र तो निरुपयोगी ठरतो. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते १९१४ साली निवृत्त झाले. महिला विद्यापीठ स्थापिले ते १९१६ साली. अनाथ बालिकाश्रमाचे कार्य तर १८९६ मध्येच, अध्यापन चालू असताना, आरंभिले होते. ‘लुकिंग बॅक’ हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र १९३६ सालचे; त्याच वर्षी, वयाच्या ७८ व्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. तेव्हा हा ग्रंथ निरोपाचे भाषण म्हणून वाचणे सयुक्तिक नव्हे.