तिथी असलेली खेळणी

जुन्या खेळण्यांवर लेख म्हटला की त्यात हळहळ असणार, हे दिवाळी अंकाचा वाचक धरूनच चालतो. भोवरा गेला, सागरगोटे गेले, मोबाइल आला. हे रडगाणं मला पटत नाही. एक तर मुलांनी मातीच्या खेळण्यावर साधेपणाची आवड म्हणून प्रेम केलं, असं कधीच नव्हतं. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताचा लहानगा रोहसेन मातीची गाडी नको म्हणून रडतो. शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी त्याने पाहिलेली असते. शेवटी वसंतसेना आपले दागिने त्या मातीच्या गाडीत भरून देते आणि पुढचं सगळं नाटक त्यावर फिरतं. शेजाऱ्याचं खेळणं चांगलं, हा मुलांचा नियम तेव्हापासूनचा आहे.

तरीही काही खेळणी गेली नाहीत. ती का गेली नाहीत, हा मला गेलेल्यांपेक्षा जास्त रंजक प्रश्न वाटतो. महाराष्ट्रापुरतं पाहिलं तर माझं उत्तर सरळ आहे: ज्या खेळण्याला पंचांगात जागा मिळाली, ते तगलं. तिथी जवळ आली की कारागीर कामाला लागतो, दुकानदार माल मांडतो आणि मुलाने मागितलं नाही तरी आजोबा ते विकत आणतात.

याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण विदर्भात आहे. पिठोरी अमावास्येला पोळा होतो, खऱ्या बैलांची पूजा होते, त्यांना पुरणपोळी मिळते. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद प्रतिपदेला, तान्हा पोळा. हा मुलांचा. चाकांच्या पाटावर उभा लाकडी नंदी, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळ आणि पुढे दोरी. मुलं नटूनथटून नंदी ओढत चौकात जमतात, मग घरोघर फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. नागपुरात ही प्रथा भोसल्यांच्या काळापासूनची सांगतात. नंदी तळहाताएवढा असतो, तसा मुलापेक्षा उंचही असतो. चांगल्या सागवानी नंदीला घरात मान असतो. थोरल्याचा धाकट्याकडे येतो, मग पुतण्याकडे जातो, दर दोन-चार वर्षांनी त्याला नवा रंग चढतो. वर्षभर माळ्यावर पडून राहणारं आणि एका दिवसापुरतं खाली येणारं खेळणं मोडणार कसं? रोज खेळायला मिळालं असतं तर त्याचे पाय केव्हाच गेले असते.

चाकांवरचं जनावर या भूमीत फार जुनं आहे. 1974 साली प्रवरेकाठच्या दायमाबादला, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एका शेतकऱ्याला खणताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. गेंडा आणि रेडा चाकांवर उभे आहेत. हत्तीच्या पाटाला आस बसवायची कडी आहेत, चाकं मात्र मिळाली नाहीत. चारही भरीव, मिळून साठ किलोंच्या वर वजन. त्यामुळे ही मुलांची खेळणी म्हणवत नाहीत. मिरवणुकीत ओढायच्या पूजावस्तू असाव्यात, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, आणि त्यांच्या काळाबद्दलही वाद आहे. दायमाबादपासून तान्ह्या पोळ्यापर्यंत अखंड परंपरेची रेघ ओढणं चुकीचं ठरेल. पण जनावराला चाकं लावून ते गावातून ओढत न्यावं, ही हौस पूजेची की खेळाची, हे नागपूरच्या चौकातही सांगता येत नाही. माझ्या मते ते सांगता न येणं हेच त्या नंदीच्या पथ्यावर पडलं. नुसतं खेळणं असतं तर प्लास्टिकच्या जेसीबीने त्याला कधीच बाजूला सारलं असतं.

पश्चिम महाराष्ट्रात बेंदराला मातीचे बैल येतात, पूजा होते, नंतर ते मुलांच्या हाती पडतात. त्यांचं आयुष्य थोडं असतं आणि पुढच्या वर्षी कुंभार नवे करतो.

दिवाळीचा किल्ला याच जातीचा, पण त्याच्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे, कारण तो खेळण्यापेक्षा बांधकामाच्या अंगाने जातो. सहामाही परीक्षा संपली की सोसायटीच्या कोपऱ्यात विटा, दगड, फुटक्या फरश्या गोळा व्हायला लागतात. त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप. बुरूज, तट, पायऱ्या, तळं, आणि हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी, ती तीन-चार दिवसांत उगवते. मग बाजारातून चित्रं येतात. सिंहासनावर महाराज, तोफ, मावळे, पहारेकरी, आणि त्यांच्या सोबतीला डोक्यावर घागर घेतलेली बाई, वासुदेव, शेतकरी, वाघ. प्रमाणाचा विचार कोणी करत नाही. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि वाघ बुरुजाएवढा. मोठी माणसं स्पर्धा भरवून ‘हुबेहूब राजगड’ करायला लावतात, तेव्हा माझा जीव थोडा कासावीस होतो. हुबेहूबपणा हा परीक्षकांचा खेळ झाला. मुलांना तळ्यात कागदी होडी सोडायची असते.

चित्रं पूर्वी मातीची, साच्यातली आणि भट्टीत भाजलेली असत. आता प्लास्टरची जास्त. प्लास्टरचा मावळा दिसायला रेखीव, पण रात्रभर दवात राहिला की त्याचा रंग सुटतो. तरी कुंभारवाड्यांना दिवाळीआधीचे हे आठवडे मिळतात, ते फक्त तिथीमुळे. परदेशातल्या मराठी घरांतही किल्ला होतो, कधी परसात, कधी गॅरेजमध्ये. तिथे चित्रं भारतातून बॅगेतून जातात.

पंचांगाचा दुसरा हात म्हणजे जत्रा. भिरभिरं, पिपाणी, डमरू, दोरीवर चढणारं माकड, दाबलं की टिकटिक करणारा पत्र्याचा बेडूक. यांतलं एकही खेळणं महिनाभर टिकत नाही आणि तेच त्यांच्या टिकण्याचं रहस्य आहे. संध्याकाळपर्यंत पिपाणी फुटते, पुढच्या जत्रेत नवी घ्यावी लागते, विकणाऱ्याचा धंदा चालू राहतो.

जत्रेतल्या मालात माझा मानकरी एकच: पत्र्याची फटफट बोट. परातीत पाणी घ्यायचं, बोटीच्या मागच्या नळ्यांतून आतल्या डबीत पाणी भरायचं, डबीखाली तेलात भिजवलेली वात पेटवून सरकवायची. क्षणभर काही होत नाही, मग फटफट सुरू होते आणि बोट गोल फिरायला लागते. आत ना पंखा, ना दट्ट्या. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते. वाफ निवली की पोकळी होते आणि पाणी परत आत ओढलं जातं. हे सेकंदाला कित्येकदा चालतं. आवाज येतो तो डबीचा पातळ पत्रा आतबाहेर होण्याचा. आता खोच अशी, की जितकं पाणी बाहेर जातं तितकंच आत येतं, तर बोट जागच्या जागी हिसके का देत नाही? कारण बाहेर पडणारं पाणी धारेने सरळ मागे जातं, आत येणारं मात्र नळीच्या तोंडाभोवतीच्या सगळ्या बाजूंनी येतं. धारेचा जोर वरचढ ठरतो. थॉमस पिओ यांनी या युक्तीचं ब्रिटिश पेटंट 1891 मध्ये घेतलं. तिच्यात आजही सुधारण्यासारखं फारसं नाही.

भोवरा आणि गोट्या यांना तिथी नाही, म्हणजे माझा सिद्धांत इथे अडायला हवा. पण मुलांनी त्यांचंही पंचांग केलेलं असतं, फक्त ते छापलं जात नाही. एका आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक खिशात भोवरा असतो आणि महिन्याभरात सगळे गोट्यांवर गेलेले असतात. कोणी ठरवलं, हे शोधूनही सापडत नाही. सुताराने घडवलेल्या लाकडी भोवऱ्याची आर नेमकी मध्यावर नसली तर तो थरथरत फिरतो. मग आर ठोकून सरळ करणं, जाळी पिळून घट्ट करणं आणि हातजाळीचा सराव, यात अर्धा मोसम निघून जातो. आता प्लास्टिकचा, दिवे लागणारा भोवरा मिळतो. जपानच्या ताकारा कंपनीने 1999 मध्ये बेब्लेड आणलं, तेही मूळचं तिथल्या बेगोमा नावाच्या छोट्या भोवऱ्यावरून. म्हणजे भोवरा जिथे गेला असं वाटलं, तिथे तो नवे कपडे घालून आला. मी त्याला भोवराच म्हणतो. जाळी गुंडाळण्याचं कसब मात्र त्यात उरलं नाही, आणि ते वाईट झालं. गोट्यांना तर आणखी एक ठिकाण होतं: गोटी सोड्याची बाटली. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या त्या बाटलीच्या गळ्यातली गोटी काढण्यासाठी किती बाटल्या फुटल्या असतील, ते सोडावाल्यांनाच ठाऊक.

पांगुळगाड्याची तिथी मुलाच्या अंगात असते. धरून उभं राहायला लागलं की गाडा येतो, चालायला लागलं की पुढच्या बाळाकडे जातो. त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. बसवून ठेवणाऱ्या गोल वॉकरशी त्याची गल्लत करू नये. तो वॉकर अपघातांमुळे कॅनडाने 2004 मध्ये बंदच केला.

आता ज्यांना तिथी मिळाली नाही त्यांच्याकडे वळू. ठकी ही एकाच लाकडात कोरलेली, हात अंगालाच चिकटलेले असणारी रंगीत बाहुली. तिचे दिवस घरातल्या मुलींच्या हौसेवर अवलंबून होते, आणि कापडी, मग प्लास्टिकची बाहुली आल्यावर ती संग्रहालयात गेली. भातुकली अर्धी वाचली. पितळेचा बंब, पाटा-वरवंटा, सोऱ्या, पुरणयंत्र असा तांबटाने घडवलेला संसार आज शोकेसमध्ये दिसतो. लाकडी, लाखेच्या रंगांची भातुकली मात्र पंढरपूरच्या दुकानांत आणि पुण्याच्या तुळशीबागेत अजून मिळते. वारी आणि बाजार, दोन्हींचा आधार तिला आहे.

सावंतवाडीचं प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचं. चितार आळीतली लाकडी फळं इतकी हुबेहूब की काजूबोंडाला हात लावून पाहावा लागतो. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात राजवाड्यातच गंजिफाचे पत्ते रंगवण्याचं काम पुन्हा उभं केलं. दशावतारी गंजिफाच्या 120 पानांचा संच आजही तिथे हाताने रंगतो. त्यांनी कला वाचवली यात शंका नाही. पण ती फळं दिवाणखान्याच्या टोपलीत बसली आणि गंजिफा चौकटीत गेला. डाव मांडणारे फार थोडे. वस्तू वाचली, खेळ वाचला नाही.

सरकारी नियमांनीही याच वस्तूंची बाजू घेतली आहे. खेळण्यांवरचं आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर आणि 2023 मध्ये 70 वर गेलं. 1 जानेवारी 2021 पासून भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यांना त्यातून सूट आहे, आणि ते योग्यच. चिन्ह नको असेल तर आधी नोंद हवी, एवढाच नियम. यात्रेच्या वाटेवर बांबूला भिरभिरी खोचून उभा असलेला माणूस मात्र या दोन्ही याद्यांत बसत नाही.