बॉनेटखालच्या तारांची वाट

जुन्या मोटारगाडीत पाण्याचा तापमापक बसविणे हे काम वरवर पाहता अर्ध्या दिवसाचे वाटते. इंजिनाच्या हेडमध्ये सेन्सर आवळावयाचा, चालकासमोर काटा लावावयाचा आणि या दोहोंमध्ये एक तार ओढावयाची, की झाले. या तिन्ही वस्तूंत सर्वांत स्वस्त ती तार. साहजिकच तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि पुढे काटा खोटे बोलू लागला म्हणजे दोष काट्याला किंवा सेन्सरला दिला जातो.

उदाहरणादाखल मॉरिस मायनर ही गाडी घेऊ. अॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही इंग्लिश गाडी १९४८ साली बाजारात आली आणि १९७१ पर्यंत तिच्या सुमारे १६ लाख गाड्या तयार झाल्या. हिंदुस्थान मोटर्सने तिचीच आवृत्ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आपल्याकडे काढली होती. १९५६ साली आलेल्या ‘मायनर १०००’ या गाडीत ९४८ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. १९६२ पासून ते १०९८ चे झाले. या गाडीत तेलाच्या दाबासाठी एक छोटा दिवा होता, परंतु पाणी किती तापले हे सांगणारा काटा नव्हता. उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापली, तर वाफ दिसेपर्यंत चालकाला पत्ता लागत नसे. आणि वाफ दिसेतो हेडचे गॅसकेट बहुधा गेलेले असे. म्हणून हौशी मालक हा काटा आवर्जून बसवितात.

आता हा सेन्सर काम कसे करतो ते पाहिले पाहिजे, कारण तारेची वाट त्यावरच ठरते. सेन्सरच्या पोटात असा पदार्थ असतो की, तो जसजसा तापतो तसतसा त्याचा विजेला होणारा विरोध कमी होतो. पाणी थंड असता हा विरोध काहीशे ओम असतो. पाणी उकळीला आले म्हणजे तो काही थोड्या ओमांवर उतरतो. विरोध घटला की काट्यातून अधिक वीज वाहते आणि काटा ‘गरम’कडे सरकतो. यातून दोन गोष्टी निघतात. तारेचे आवरण घासून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकली, तर काटा एकदम शेवटच्या टोकाला जातो; चालक घाबरतो, गाडी थांबवितो, नुकसान काही होत नाही. पण तार तुटली किंवा सुटली, तर काटा ‘थंड’वर स्वस्थ पडून राहतो आणि इंजिन जळत असतानाही सर्व क्षेम असल्याचे सांगतो.

याहून वाईट प्रकार अर्धवट गंजलेल्या जोडाचा. असा जोड स्वतःचा दहावीस ओमांचा विरोध मध्ये घालतो. पाणी थंड असताना शेकड्यांच्या हिशेबात ही भर जाणवत नाही. परंतु पाणी उकळू लागले, सेन्सरचा विरोध अगदी थोडा उरला, की नेमक्या त्या क्षणी ही भर मोठी ठरते आणि काटा खरे तापमान न दाखविता त्याच्या खालीच थांबतो. म्हणजे ज्या वेळेसाठी तो बसविला, त्याच वेळी तो फसवितो. कोकण-गोव्याच्या दमट खाऱ्या हवेत तांब्याचे उघडे टोक हिरवे पडावयास एक पावसाळा पुरतो.

मायनरच्या इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड डाव्या अंगाला आहेत. प्लग, डिस्ट्रिब्यूटर आणि डायनामो उजव्या अंगाला. हेडच्या पुढच्या तोंडाशी, थर्मोस्टॅटच्या खाली, आटे पाडलेले भोक ज्या इंजिनात असते तेथे सेन्सर बसतो. तेथून तार मागे चालकाकडे न्यावयाची. डावीकडील वाट मोकळी दिसते, म्हणून पुष्कळ मिस्त्री तिकडूनच तार नेतात. हे टाळावे. मॅनिफोल्ड काहीशे अंशांपर्यंत तापते, आणि साध्या पीव्हीसी तारेचे आवरण फार तर १०५ अंश सेल्सिअस सोसते. त्या बाजूने जाणे अटळच असेल, तर वीतभर अंतर ठेवावे आणि काचतंतूची नळी चढवावी.

उजवी वाट चांगली, कारण डायनामोकडे जाणाऱ्या मूळ तारा तेथे असतातच. नवी तार त्यांच्या सोबतीने न्यावी. कारखान्याने निवडलेल्या वाटेत सहसा काही शहाणपण असते. पंख्याच्या पात्यांपासून मात्र तिला दूर बांधावे. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असल्याने सुरू होताना व बंद होताना अंग झटकते, बॉडी मात्र स्थिर असते. म्हणून इंजिनावरून बॉडीवर येताना तारेला एक सैल वळसा द्यावा. ताणून बांधलेली तार सहा महिन्यांत आतल्या आत तुटते. इंजिन आणि बैठक यांमधील पत्र्यातून ती जेथे आत शिरते, तेथे रबरी ग्रोमेट हवेच हवे. पत्र्याची धार चाकूपेक्षा कमी नसते. काट्याला वीज देणारी तार अशा धारेवर कापली गेली आणि मध्ये फ्यूज नसला, तर प्रश्न काट्याचा राहत नाही, गाडीला आग लागू शकते.

जोडांसाठी दाबून बसविलेला लग उत्तम. डाख दिलेला जोड मजबूत दिसतो, परंतु डाख तारेच्या केसांमध्ये शोषला जाऊन ती कडक होते, आणि तो जेथे संपतो तेथेच कंपाने मोडते. काळी चिकटपट्टी तर बॉनेटखाली वापरूच नये. तेल आणि उष्णता यांनी तिचा चिकटा होऊन ती उलगडते.

सेन्सरला परतीची दुसरी तार नसते. त्याची वीज आट्यांतून हेडमध्ये आणि तेथून अर्थच्या पट्टीने बॅटरीकडे जाते. गळती थांबावी म्हणून आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी भरपूर गुंडाळली, तर हाच परतीचा मार्ग अडतो आणि काटा पुन्हा कमी दाखवू लागतो.

प्लगच्या जाड तारांत वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो. जुन्या धर्तीचा, उष्णतेने वाकणाऱ्या पट्टीचा काटा मंद असल्याने त्याला या शेजाराचे काही वाटत नाही. परंतु हल्ली काही मालक जुन्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक इंधनयोजना बसवितात. तिचा क्रँकची गती मोजणारा सेन्सर अगदी क्षीण संकेत धाडतो, आणि शेजारच्या ठिणगीची झळ त्या संकेतात मिसळली की इंजिन अडखळते. अशा तारांची जोडी एकमेकींत पिळलेली आणि जाळीच्या आवरणातली घ्यावी, जाळी एकाच टोकाला अर्थ करावी, आणि प्लगच्या तारा ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडाव्यात.

काम संपल्यावर परीक्षा सोपी आहे. चावी फिरवून सेन्सरवरील लग काढावा: काटा ‘थंड’वर पडला पाहिजे. मग तोच लग क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवावा: काटा ‘गरम’कडे निघाला पाहिजे. तो निघताच लग लगेच उचलावा, कारण फार वेळ टेकविल्यास काट्यातील नाजूक गुंडाळी जळते.