हातात सुया असल्या की

आमच्या घरातल्या बायका कधी नुसत्या बसल्याचं मला आठवत नाही. दुपारची झाकपाक झाली, ओटा पुसला की आई, काकू आणि शेजारच्या वहिनी ओसरीवर टेकायच्या, पण मांडीवर लोकरीची पिशवी असायचीच. नुसतं बसलं असतं तर आजीने तांदळाचं सूप पुढे सरकवलं असतं. हातात सुया असल्या की ती काही म्हणत नसे. गेल्या साठेक वर्षांतलं आपल्याकडचं विणकाम आठवू लागले की मला त्याची हीच बाजू आधी दिसते. स्वेटर, कानटोप्या होत होत्याच. पण मध्यमवर्गीय बाईला घरात चार घटका बसायचा तो परवानाही होता.

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने हल्ला केला, तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. हिमालयात आपले जवान पुरेशा गरम कपड्यांवाचून लढताहेत हे कळलं आणि देशभरातल्या बायकांनी सुया हातात घेतल्या. आमच्या गावात महिला मंडळाने लोकर वाटली. एरवी वेणीची नाहीतर जाळीची वीण घालून एकमेकींवर कुरघोडी करणाऱ्या बायकांनी साधी, घट्ट, भराभर उतरणारी वीण धरली. २१ नोव्हेंबरला युद्ध थांबलं तेव्हा आईचा स्वेटर जेमतेम बगलेपर्यंत आला होता. तो तिने पुरा करून दिलाच. कुणाच्या अंगावर गेला असेल, याचा विषय मात्र पुढे कित्येक वर्षं आमच्या जेवणात निघायचा.

आम्ही मुली शिकलो त्या खराट्याच्या काड्यांवर. खऱ्या सुया मिळायला पट्टी सरळ यावी लागे, आणि पट्टी काही सरळ येत नसे. कडेचा टाका गळायचा, दुसरीकडे एक वाढायचा. लोकर नवी असण्याचा प्रश्नच नव्हता. थोरल्या भावाचा स्वेटर आखूड झाला की आई तो गळ्याकडून उसवायला घ्यायची. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायची, चार ठिकाणी दोऱ्याने सैल बांधायची, कोमट पाण्यात रिठ्याने धुवायची आणि खाली तांब्या लटकवून वाळवायची, म्हणजे वळ्या निघतात. मग ती लडी माझ्या दोन्ही हातांवर चढवून आई गुंडा करी. कोपराला विरलेली लोकर बाजूला काढून तिथे दुसऱ्या रंगाचे पट्टे यायचे. शाळेत निम्म्या वर्गाच्या स्वेटरला असे पट्टे होते, त्याला फॅशन म्हणायचं धाडस कुणी केलं नाही.

बाळंतविड्याचं विणकाम वेगळं. टोपडं, मोजे, कुंची, सगळं पांढरं नाहीतर पिवळं. काही घरांत बाळ जन्मण्याआधी तयारी करू नये म्हणत. तिथे मोजे विणले जायचेच, फक्त शेजारणीच्या घरी.

१९७२ मध्ये मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, आणि हळूहळू ओसरीवरची बैठक टीव्हीसमोर सरकली. डोळे पडद्यावर, बोटं सुयांवर. १९८७ मध्ये 'रामायण' लागलं तेव्हा घरात वाद झाला. आजीचं म्हणणं, देवाचं चालू असताना सुया खाली. आईने ऐकलं. पुढे 'महाभारता'ला मात्र सुया चालल्या. द्यूताच्या भागात तर तिने एक अख्खी बाही उरकली.

मी लग्नानंतर बोरिवलीहून चर्चगेटला नोकरीला जात होते. १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेची लेडीज स्पेशल सुरू झाली आणि आमच्या डब्यात विणकामाचा वर्गच भरू लागला. पाठ आणि पुढचा भाग घरी, बाह्या गाडीत, असा सगळ्यांचा हिशेब. बाही लहान, हलकी, शेजारणीच्या कुशीत सुई लागत नाही. काठाला बारा नंबरची सुई घ्यायची की अकरा, इथपासून नणंदेच्या घटस्फोटापर्यंत सगळं त्याच दमात बोललं जाई. मुंबईत स्वेटर घालायचे तरी किती दिवस! पण विणलेलं सगळं पुण्या-नाशिकला आणि पुढे अमेरिकेला जायचं. माझ्या मैत्रिणीने मुलासाठी अस्सल लोकरीचा स्वेटर पाठवला. तिकडे तो वॉशिंग मशीनमधून, मग ड्रायरमधून निघाला तो नातवाच्या मापाचा होऊन.

तोवर लुधियानाचा तयार माल सगळीकडे पोचला होता. थंडीत रस्त्याकडेला तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल लागत, तिथेही बराचसा लुधियानाचाच माल. आमच्या मुलींना तोच आवडायचा, आणि खरं सांगायचं तर तो अंगावर बसायचाही बरा. डब्यातल्या सुया पुढे मोबाइलने घालवल्या.

आता विणकाम परतलंय म्हणतात. मुली व्हिडिओ पाहून शिकतात, ताण जातो म्हणतात. जात असेल. आईचा काही गेल्याचं मी पाहिलं नाही. तिला विणकामाचा खरा उपयोग एका वाक्यापुरता होता: "थांबा, टाके मोजतेय." आजीसुद्धा एवढ्यापुरती थांबायची. कधी कधी आई टाके मोजत नसायची, हे मला फार उशिरा कळलं.

या परवान्याची किंमतही बायकांनीच मोजली. बसल्या बसल्या होतं, म्हणून त्याला कुणी काम मानलं नाही, आणि हाताने विणून देणाऱ्या कितीतरी जणी अजूनही मजुरी सांगताना अवघडतात. चांगली लोकरच आता तयार स्वेटरइतकी महाग पडते, तिथे मजुरी मागायची कशी, असं त्यांना वाटतं. तेव्हा या थंडीत कुणाकडून काही विणून घेणार असाल, तर लोकरीची पावती चुकती करून मोकळे होऊ नका. किती तास लागले ते विचारा, आणि त्याचे पैसे द्या.