उभ्या मोटरहोमचे ब्रेक

अमेरिकेतल्या मागे डिझेल इंजिन असलेल्या मोठ्या मोटरहोमचे ब्रेक पॅड झिजून संपलेत, असं क्वचितच होतं. गाडी वर्षातले थोडे आठवडे फिरते आणि बाकीचा काळ उभी असते. हवेच्या डिस्क ब्रेकचं खरं नुकसान या उभं राहण्यात होतं. म्हणून नुसती पॅडची जाडी बघून समाधान मानू नये.

पेडल दाबलं की हवा ब्रेक चेंबरमध्ये शिरते. चेंबरचा दांडा कॅलिपरमधल्या तरफेला ढकलतो आणि आतल्या बाजूचं पॅड डिस्कवर दाबलं जातं. बाहेरच्या पॅडला ढकलणारं वेगळं काही नसतं. अख्खं कॅलिपर दोन गाइड पिनांवर सरकतं आणि त्याला ओढून आणतं. ड्रम ब्रेकमध्ये तापलेला ड्रम फुगून लायनिंगपासून दूर जातो, तापलेली डिस्क मात्र जाड होऊन पॅडकडेच येते. रॉकी पर्वतातल्या लांब उतारावर हा फरक फार मोलाचा. पण सगळी मदार त्या दोन पिनांवर. त्यांच्या रबरी बुटाला चीर पडली की पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं, पिन गंजते, कॅलिपर अडकतं. एक पॅड झिजलेलं आणि दुसरं जवळपास कोरं दिसलं, तर आधी पिनेवर संशय घ्यावा.

पॅड बदलण्याचं काम सपाट जागी, चाकांना ठोकळे लावूनच करावं. मागच्या चेंबरमध्ये पार्किंगची जबरदस्त स्प्रिंग असते. हवा गेली की तीच ब्रेक लावते. रिलीज बोल्टने ती आवळून बांधल्याशिवाय पॅडला हात लावू नये, आणि तिचा चेंबर तर कधीच खोलू नये.

चाक काढून पॅड धरणारी पट्टी सोडवावी, अ‍ॅडजस्टर हातपान्याने मागे फिरवावा. इथे इम्पॅक्ट गन नकोच. जोर जास्त झाला तर आतली यंत्रणा वाचावी म्हणून अ‍ॅडजस्टरवरचा छोटा अडॅप्टर तुटतो, तसा तो मुद्दामच बनवलेला असतो. पॅड निघाले की कॅलिपर हाताने पुढे-मागे सरकवून बघावं. ते सहज सरकलं नाही, तर नवे पॅड घालणं म्हणजे पैसे वाया.

मग मोजमाप. बेंडिक्स कंपनीच्या एडीबी २२ एक्स ब्रेकची नवी डिस्क ४५ मिलिमीटर जाड असते. ३७ वर आली की बदलायची. पॅडचा घासणारा थर पाठीच्या पत्र्यावर २ मिलिमीटर उरला की पॅडही गेलं. काठापर्यंत पोचलेली भेग असेल तर जाडी कितीही असो, डिस्क बदलावी. पॅड एकाच चाकाचे बदलू नयेत, अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलावेत. पट्टी आणि पॅडच्या स्प्रिंगाही नव्या घालाव्यात.

पहिली फेरी शांत रस्त्यावर, हलके ब्रेक लावत मारावी. परतल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने एकाच अ‍ॅक्सलच्या दोन्ही डिस्कचं तापमान बघावं. एक डिस्क बरीच जास्त तापलेली असेल, तर तिथलं कॅलिपर पुन्हा खोलायला लागणार.