रुमालाखालचा भाव

हदगावच्या बाजारात सोयाबीनची हर्राशी सुरू झाली, की शेतकरी, अडत्या आणि खरेदीदार एकाच ढिगाभोवती उभे असतात. बोली सर्वांच्या कानांवर पडते. भाव कमी निघाला तर शेतकरी नाराज होतो. पण आपल्या पाठीमागे काही घडले, असे सहसा म्हणत नाही. ही रीत आपोआप आलेली नाही. पूर्वी अनेक बाजारांत दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, त्यालाच तो शेवटी कळे. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. तो देशातील पहिला मानला जातो. पुढे अशाच नियंत्रणातून हा रुमाल हटत गेला.

व्यापारी घरांतील मोबाइलवर मात्र तो परतला आहे. कोणती बातमी वर यावी, कोणते दुकान मागच्या पानावर जावे, कोणत्या सोयऱ्याचा फोटो दिसावा, हे अल्गोरिदम नावाचे गणिती सूत्र ठरविते. निवड करणे हा काही अपराध नव्हे. दुकानदारही दर्शनी फळीवर सगळाच माल मांडीत नाही. पण फळी त्याने मांडली आहे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते.

अमेरिकेत २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फेसबुक वापरणाऱ्या ४० जणांना याविषयी विचारण्यात आले. त्यांपैकी २५ जणांना आपल्यासमोर येणारा मजकूर गाळून येतो, याची कल्पनाच नव्हती. काहींनी तर जवळच्या माणसांचा मजकूर दिसत नाही, म्हणून त्यांनीच आपल्याला दूर ठेवले, असा समज करून घेतला होता. साखरपुड्याचे फोटो दिसले नाहीत म्हणून मनात अढी धरणारी माणसे हदगावातही सापडतील! खरा प्रकार कळल्यावर काहींना राग आला. पण काही महिन्यांनी पुन्हा विचारले असता समाधान घटलेले नव्हते, आणि आपल्या हाती काही आहे, ही भावना मात्र वाढली होती. गाळणीपेक्षा ती लपविली गेल्याचे शल्य अधिक असते, असे यावरून दिसते.

व्यापारात गोष्ट अधिक गंभीर होते, कारण येथे फळी मांडणाराच कधी कधी स्वतःचा मालही विकतो. भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला १३५.८६ कोटी रुपये दंड ठोठावला. विमानप्रवासाच्या शोधात गुगल स्वतःच्याच सेवेला ठळक जागा देते, हा त्यातील एक आक्षेप आयोगाने ग्राह्य धरला. आयोगाच्या दोन सदस्यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. न्याय्य काय, यावर जाणकारांचेही एकमत होत नाही, ते असे.

बँकेच्या व्यवहारात निदान एक सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या २००३ च्या मार्गदर्शक सूत्रांनी लहान कर्जदाराचा अर्ज नाकारताना मुख्य कारणे लेखी कळविण्याचे बंधन घातले. अर्जदार निदान त्या कागदाशी वाद घालू शकतो. ऑनलाइन बाजारपेठांसाठी जुलै २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनी माल वा विक्रेत्यांचा क्रम ठरविणारे मुख्य निकष सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक केले. नियम चांगलाच आहे. परंतु निकष सर्वांना सारखे सांगितले, तरी हळदीची पाकिटे विकणाऱ्या एखाद्या लहान विक्रेत्याचा माल काल पहिल्या पानावर होता आणि आज चौथ्यावर का गेला, याचे लेखी कारण त्याला देण्याचे बंधन त्या तरतुदीत नाही.